सेट-टॉप बॉक्स आल्यानंतर केबलवरील कार्यक्रम घरच्या संगणकावर कसे रेकॉर्ड करावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी परिसरात पूर्वी ज्यांनी संगणकात टीव्ही ट्यूनर कार्ड बसवून घेतले होते, त्यांना केबलवाल्याची वायर थेट त्या कार्डाला जोडून हवी ती वाहिनी रेकॉर्ड करता येत असे. केबल कायद्यात २०११ साली झालेल्या दुरुस्तीनंतर देशभरात टप्प्याटप्प्याने डिजिटल प्रक्षेपण सक्तीचे झाले. २०१३ च्या दुसऱ्या टप्प्यात कर्नाटकातील बेंगळुरू आणि म्हैसूर ही दोनच शहरे होती, त्यामुळे आपल्या भागाची पाळी पुढच्या टप्प्यांत आली आणि २०१७ मध्ये खेड्यापाड्यांतही बॉक्सशिवाय चित्र दिसणे बंद झाले. वायर तीच राहिली, पण तिच्यातून येणारा सिग्नल आता डिजिटल आणि कूटबद्ध असतो. जुन्या कार्डाला तो समजत नाही. नवे डिजिटल केबल कार्ड आणले तरी सिग्नल उलगडण्याची परवानगी केबलचालकाने नोंदवलेल्या बॉक्सलाच असल्याने पडदा काळाच राहतो. म्हणून संगणकाकडून वाहिनी लावण्याची अपेक्षा सोडून द्यावी. वाहिनी बॉक्सने लावावी आणि बॉक्समधून बाहेर पडणारे चित्र संगणकाने टिपावे, हाच आजचा व्यवहार्य मार्ग आहे.

हा खटाटोप कशासाठी करावा, याचाही विचार आधी व्हायला हवा. मोठ्या वाहिन्यांच्या मालिका त्यांच्या ॲपवर नंतरही पाहता येतात. परंतु शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणेश विसर्जन किंवा गावातले एखादे संमेलन स्थानिक केबल वाहिनीवर दाखवले जाते, तेव्हा ते पुन्हा पाहायला मिळेल याची काहीच खात्री नसते. सीमाभागातील मराठी माणसांचे सार्वजनिक जीवन ज्या चित्रफितींत टिकून राहायला हवे, त्यांतील कितीतरी या स्थानिक प्रक्षेपणातच असतात, आणि त्या जपण्याचे काम घरबसल्या करता येण्यासारखे आहे.

बहुतेक बॉक्सना चित्र बाहेर देण्यासाठी दोन वाटा असतात. एचडीएमआयमधून येणाऱ्या चित्राला सहसा नक्कलरोधक संरक्षण असते आणि ते जोडल्यास संगणकावर काळा पडदा दिसतो. ते संरक्षण तोडण्याच्या भानगडीत पडू नये. दुसरी वाट जुन्या पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिनांची आहे. पिवळ्या पिनेतून चित्र आणि उरलेल्या दोन पिनांतून आवाज येतो. या पिना संगणकाला जोडण्यासाठी यूएसबी व्हिडिओ कॅप्चर नावाचे बोटभर लांबीचे उपकरण मिळते, तेच आपल्याला पुरेसे आहे. लहान बॉक्सना तीन पिनांऐवजी हेडफोनसारखे एकच गोल छिद्र असते. त्यासाठी एका टोकाला तीन कड्यांचा जॅक आणि दुसऱ्या टोकाला तीन पिना असलेली वायर लागते. या वायरींतील जोडणीचा क्रम सर्वत्र सारखा नसतो, त्यामुळे पिवळ्या पिनेत चित्र न आल्यास लाल आणि पांढरी पिन त्या जागी लावून पाहावी. बॉक्सबरोबर आलेली मूळ वायर असेल तर तीच वापरणे उत्तम.

संगणकावर ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे. त्यात ‘व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस’ हा स्रोत जोडून आपले उपकरण निवडावे. चित्र काळे-पांढरे, पट्ट्यापट्ट्यांचे किंवा वर-खाली सरकणारे दिसले, तर उपकरणाच्या ‘कॉन्फिगर व्हिडिओ’ या खिडकीत प्रक्षेपणाची पद्धत आपल्याकडची पाल-बी आहे की नाही ते तपासावे, कारण काही उपकरणे सुरुवातीला अमेरिकी एनटीएससी पद्धतीवर लावलेली असतात. या मार्गाने चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे येते. ते तसेच ठेवले तर माणसे चेपल्यासारखी दिसतात. म्हणून बॉक्सच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा आकार १६:९ ठेवावा, ओबीएसमध्ये पडदा १०२४ गुणिले ५७६ करावा आणि चित्र त्यावर पूर्ण ताणून बसवावे. हलणाऱ्या वस्तूंच्या कडांवर कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात, त्या घालवण्यासाठी स्रोतावर राईट क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये ‘यादिफ २एक्स’ निवडावे आणि फ्रेमचा वेग ५० पाल, म्हणजे सेकंदाला ५० चित्रे, ठेवावा. लेझीम किंवा ढोलताशाच्या चित्रणात या एका बदलाने पडणारा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो.

आवाजाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे, कारण चित्रापेक्षा आवाजानेच रेकॉर्डिंग अधिक वेळा वाया जाते. कॅप्चर उपकरणाचा आवाज विंडोजला मायक्रोफोन म्हणून दिसतो, त्यामुळे विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कॅमेरा आणि मायक्रोफोन या दोन्हींना परवानगी असावी लागते. त्याच वेळी लॅपटॉपचा स्वतःचा माईक ओबीएसच्या मिक्सरमध्ये बंद करावा. तो चालू राहिला तर मिरवणुकीच्या आवाजात घरातले बोलणे आणि मिक्सर-ग्राइंडरची घरघर कायमची मिसळून जाते. सतत गुणगुण ऐकू येत असेल, तर क्षणभर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगचा आहे असे समजावे. बॉक्स, टीव्ही आणि संगणक एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतल्यास ती बऱ्याचदा कमी होते.

पूर्वी सिग्नल कमजोर असला तर पडद्यावर मुंग्या येत, तरी कार्यक्रम कळत असे. डिजिटलमध्ये चित्राचे चौकोन पडतात, ते गोठते आणि मग पूर्णच जाते. खानापूर भागातील पावसात छपरावरच्या जोडण्यांत पाणी शिरून हे वारंवार घडते. घरात वायर फोडण्यासाठी लावलेला प्रत्येक स्प्लिटर सिग्नल निम्म्याच्या आसपास आणतो, म्हणून ज्या बॉक्सवरून रेकॉर्डिंग करायचे आहे त्याला शक्यतो वायर थेट आणावी. एक मर्यादा मात्र स्वीकारावी लागते: बॉक्सवर जी वाहिनी लावली आहे तीच रेकॉर्ड होते. घरच्यांना त्याच वेळी दुसरे काही पाहायचे असेल, तर दुसरी जोडणी घ्यावी लागते.

रेकॉर्डिंगसाठी एमकेव्ही हे स्वरूप निवडावे. साध्या एमपी४ मध्ये रेकॉर्डिंग चालू असताना लाईट गेली तर बहुधा संपूर्ण फाईल उघडत नाही; एमकेव्हीमध्ये त्या क्षणापर्यंतचा भाग शाबूत राहतो आणि नंतर ओबीएसच्याच ‘रीमक्स’ सोयीने त्याचे एमपी४ करता येते. लॅपटॉपला बॅटरी असली तरी बॉक्सला नसते, आणि वीज परत आल्यावर काही बॉक्स स्टँडबायमध्येच राहतात, म्हणून बॉक्स इन्व्हर्टरवर घ्यावा. चित्राचा बिटरेट, म्हणजे माहिती साठवण्याचा वेग, सेकंदाला २५०० आणि आवाजाचा १६० किलोबिट ठेवल्यास तासाला सुमारे १.२ जीबी जागा लागते. बाहेरची हार्ड डिस्क जुनी आणि फॅट३२ पद्धतीची असेल, तर तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही आणि रात्रभर चालणाऱ्या मिरवणुकीचे रेकॉर्डिंग साडेतीन तासांच्या आसपास थांबते. तिच्यातील सामान आधी दुसरीकडे हलवून ती एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावी.

आपण घरी नसताना रेकॉर्डिंग हवे असेल, तर विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून ओबीएसला ‘--स्टार्टरेकॉर्डिंग’ ही आज्ञा, अर्थात इंग्रजी अक्षरांत, देऊन ठरलेल्या वेळी सुरू करता येते. तेथील ‘स्टार्ट इन’ या चौकटीत ओबीएसची प्रोग्रॅम फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता लिहिणे विसरू नये, नाहीतर ओबीएस त्रुटी दाखवून बंद होते. थांबण्याची वेळ त्याच्या आउटपुट टायमरमध्ये ठरवावी. संगणकाची झोप बंद करावी, आणि बऱ्याच बॉक्समध्ये असलेली, काही तास रिमोट न दाबल्यास बॉक्स आपोआप बंद करणारी सोयही बंद करावी. ऐनवेळी योग्य वाहिनी लागावी यासाठी बॉक्सच्या कार्यक्रमसूचीतील रिमाइंडर वापरावा. स्थानिक वाहिनीची सूची बहुधा रिकामी असते, तेव्हा घराबाहेर पडण्यापूर्वीच ती लावून ठेवावी.

ज्यांच्याकडे डीडी फ्री डिशची छत्री आहे, त्यांचे काम सोपे आहे. तिच्यावरील बहुतेक वाहिन्या कूटबद्ध नसल्याने दूरदर्शनची मराठी सह्याद्री असो वा कन्नड चंदना, उपग्रह ट्यूनर कार्ड लावून संगणक त्या थेट रेकॉर्ड करू शकतो, आणि मूळ डिजिटल प्रवाहच साठत असल्याने दर्जाही घटत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ नुसार, स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी प्रक्षेपण रेकॉर्ड करण्याने प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. ते विकणे, यूट्यूबवर टाकणे किंवा व्हॉट्सॲपवरून वाटणे या सवलतीत बसत नाही. एखाद्या मंडळाला आपल्याच मिरवणुकीची प्रत हवी असेल, तर आधी त्या केबल वाहिनीची लेखी परवानगी घ्यावी. फाईलच्या नावात तारीख, वाहिनी आणि प्रसंग लिहावा आणि एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी, ठेवावी.