बॉनेटखालची चमक टिकते कशी

कुणाची जुनी गाडी बघायला गेले आणि बॉनेट उचलल्यावर आतलं सगळं ओलं, काळंभोर चकाकताना दिसलं, की मी आधी बोट फिरवून बघते. बोट ओशट झालं तर समजायचं, धूळ न काढताच वरून स्प्रे मारलाय. त्या ओशटावर चार दिवसांत नवी धूळ चिकटते आणि इंजिन पहिल्यापेक्षा कळकट दिसायला लागतं. टिकणारी चमक डोळ्यांत भरत नाही. काळा रंग परत येतो, पण हाताला कोरडा लागतो. तिच्यासाठी सगळा वेळ धुण्यात आणि वाळवण्यात जातो. ड्रेसिंग, म्हणजे प्लास्टिक-रबराला काळा रंग परत आणणारं द्रव लावणं, हे सगळ्यात छोटं काम.

इंजिन कोमट असावं, हात सहज टेकवता येईल इतपत. गरम असताना केमिकल लावलं तर ते जागच्या जागी सुकून डाग पडतात, आणि तापलेल्या एक्झॉस्टवर गार पाणी पडणं धातूला मानवत नाही. गाडी सावलीत घ्या.

पाण्याआधी कोरडं काम उरका. वायपरच्या खालच्या जाळीतली पानं हाताने उचला; तिथली निचऱ्याची भोकं बुजली की पावसाचं पाणी आत केबिनमध्ये उतरतं. कोपऱ्यात उंदराने जमवलेल्या चिंध्या निघाल्या तर वायरिंग नीट तपासा. दातांच्या खुणा दिसल्या तर आज धुणं राहू द्या, आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. (काही गाड्यांमध्ये यानंतर रेडिओचा कोड पुन्हा टाकावा लागतो, तो आधी शोधून ठेवा.) अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र), फ्यूज बॉक्स, बॅटरी, ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि एअर फिल्टरचं हवा ओढणारं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी घट्ट झाका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबल दिसतात, त्यांत जिवावर बेतेल इतकं व्होल्टेज असतं. तिथे पाइप आणूच नका. वरची प्लास्टिकची कव्हरं ओलसर फडक्याने पुसा, बास.

डिझेल किंवा रॉकेलने इंजिन धुण्याची सवय अजून सुटलेली नाही, आणि मला तिचा राग येतो. तेलकट मळ निघतो खरा, पण मागे नवा तेलकट थर राहतो, कूलंटचे रबरी पाइप पेट्रोलियमने फुगून मऊ पडतात, आणि आगीची भीती वेगळीच. त्यापेक्षा साधा ऑल-पर्पज क्लीनर घ्या. नुसती धूळ असेल तर एक भाग क्लीनरला दहा भाग पाणी पुरतं, तेलाचा चिकटा असेल तर एकास चार. बाटलीवर वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा. बिनरंगाच्या ॲल्युमिनियमवर जास्त कडक अल्कलाइन डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं केमिकल) टाकलात तर ते पांढुरकं, निस्तेज होतं आणि तो डाग धुऊन जात नाही.

एका वेळी एकच कोपरा घ्या: फवारा, मिनिटभर थांबा, घासा आणि सुकायच्या आत धुवा. मऊ केसांचा ब्रश बरा. त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर टेप गुंडाळली की ओरखडे उठत नाहीत. ऑइल टाकायच्या झाकणाभोवतीची खाच बघा. सांडलेल्या तेलात धूळ कालवून तिथे काळी पेस्ट झालेली असते. झाकण घट्ट बसलंय ना ते बघूनच घासा, मळ आत पडला तर भलतंच काम वाढेल. धुताना साध्या पाइपने हलकी धार पुरते. प्रेशर वॉशरचं पाणी कनेक्टरच्या सीलमधून आत शिरतं, तो लांबच ठेवा. हे तेलकट पाणी पावसाच्या गटारात जाऊ देऊ नका.

वाळवण्यात कंजूषी नको. ब्लोअरने फटींतलं पाणी उडवा, मायक्रोफायबरने टिपा, सगळ्या पिशव्या काढा (हवेच्या तोंडावरची विसरू नका), वायर जोडा आणि बॉनेट उघडं ठेवून इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. इंजिन गचके खायला लागलं तर बहुधा स्पार्क प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलंय. लगेच बंद करा, प्लगवरची कॉइल काढून हवा मारा.

इंजिन पुन्हा गार झालं की ड्रेसिंग. दुधासारखं पांढरं, पाण्यावर आधारित असेल तेच घ्या. सॉल्व्हंटवालं जास्त चमकतं, पण ओशट राहतं आणि पेटही घेऊ शकतं. थेट फवारू नका. स्पंजवर घेऊन प्लास्टिकची कव्हरं आणि रबरी पाइप यांना पातळ हात द्या. पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसून काढा, अगदी हाताला काही लागणार नाही इथपर्यंत. चमक टिकते ती या पुसण्यामुळे. पट्टे, पुली आणि एक्झॉस्ट यांना ड्रेसिंग लागता कामा नये. पट्टा घसरतो, किंचाळतो, आणि एक्झॉस्टवर धूर होतो. रंगवलेल्या पत्र्याला ड्रेसिंग नाही, बाहेर लावता तेच वॅक्स लावा.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड असेल तर खाण्याच्या सोड्याचं पाणी ब्रशने लावा, फेस थांबला की पुसा, वर व्हॅसलीनचा बारीक थर द्या.

पुढे महिन्यातून एकदा ओलसर फडकं फिरवलं तरी भागतं. पुसताना एकाच जागी पुन्हा पुन्हा ताजं तेल दिसलं तर तिथलं सील किंवा गॅस्केट गेलंय, मेकॅनिककडे न्या.