लास व्हेगसला दोन-तीन रात्रींसाठी जाताना हॉटेल कसं निवडावं

तिकिटं काढण्याआधी एकच गोष्ट ठरवा: व्हेगसमध्ये शनिवारची रात्र हवी आहे की नको?

नको असेल तर निम्मं काम झालं. रविवारी दुपारी पोचायचं आणि बुधवारी सकाळी निघायचं, छोट्या सहलीला यापेक्षा चांगलं वेळापत्रक नाही. शुक्रवारी दक्षिण कॅलिफोर्नियातून गाड्यांचा लोंढा सुरू होतो आणि मंगळवारी स्वस्तात पडून असलेली खोली शनिवारी दुप्पट-तिप्पट दराने जाते. एकच अडचण म्हणजे काही मोठे शो सोमवार-मंगळवारी बंद असतात. एखाद्या ठरावीक शोसाठीच जात असाल तर त्याचे वार आधी बघा.

दुसरी तपासणी अधिवेशनांची. जानेवारीच्या सुरुवातीला सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं प्रदर्शन असतं, नोव्हेंबरमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांचं सेमा, आणि २०२३ पासून त्याच महिन्यात फॉर्म्युला वन शर्यत. शर्यत तर स्ट्रिपवरून, म्हणजे मोठ्या हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावरूनच धावते, त्यामुळे आधीचे कित्येक दिवस कठडे आणि वळवलेली वाहतूक यांना तोंड द्यावं लागतं. अधल्यामधल्या वारीही दर अचानक चढलेले दिसले तर नशिबाला दोष देऊ नका, तारखा सरकवा.

तीन रात्रींहून जास्त राहू नका. चौथ्या दिवशी ते दिवे आणि तो गोंगाट अंगावर यायला लागतो.

जागा: खरी मेख इथे आहे

स्ट्रिप म्हणजे लास व्हेगस बुलेव्हार्ड या रस्त्याचा दक्षिणेला मँडले बे हॉटेलपासून उत्तरेला सहारा हॉटेलपर्यंतचा, साधारण पावणेसात किलोमीटरचा पट्टा. (त्याचा बहुतेक भाग लास व्हेगस शहराच्या हद्दीतच येत नाही, तो पॅरडाइज नावाच्या महापालिका नसलेल्या वस्तीत आहे.) ‘स्ट्रिपवर आहे’ एवढ्यावर समाधान मानून हॉटेल घेतलं तर सहलीतला बराचसा वेळ पायपिटीत आणि टॅक्सीच्या रांगेत जातो. हॉटेल निवडताना मी सगळ्यात जास्त वेळ या एका गोष्टीवर घालवते, आणि लोक नेमकी हीच गोष्ट दोन मिनिटांत उरकतात.

इमारती अवाढव्य असल्यामुळे इथे अंतराचा अंदाज हटकून चुकतो. बेलाजिओ हॉटेलच्या कारंज्यांपाशी उभं राहिलं की सीझर्स पॅलेस हाकेच्या अंतरावर वाटतं. पण खोलीतून निघून लिफ्टपर्यंतची मार्गिका, मग कॅसिनो, मग दुकानांची रांग, मग पूल, मग पुन्हा पलीकडचा कॅसिनो, असं करत तिथल्या एखाद्या रेस्टॉरंटच्या टेबलाशी पोचायला वीस मिनिटं सहज लागतात. नकाशा अंतर मोजतो ते दारापासून दारापर्यंत. हॉटेलच्या पोटातलं चालणं त्यात नसतं, आणि एमजीएम ग्रँडसारख्या पाच हजार खोल्यांच्या हॉटेलात ते चालणं चांगलं घसघशीत असतं. म्हणून फोनवर चालायची जी मिनिटं दिसतील त्यांची दुप्पट धरा.

शिवाय रस्ता हवा तिथे ओलांडता येत नाही. फ्लेमिंगो रोड आणि ट्रॉपिकाना अव्हेन्यू या दोन मोठ्या चौकांत पादचारी पुलावर चढावंच लागतं. सरकते जिने आहेत, पण ते चालू असतीलच असं धरून चालू नका. जानेवारी २०२४ मध्ये क्लार्क काउंटीने (इथल्या स्थानिक प्रशासनाने) या पुलांवर रेंगाळायला कायद्याने बंदी घातली आहे. दिव्यांचे फोटो खाली उतरून काढा.

‘खोलीत फक्त झोपायचंय, कुठलंही हॉटेल चालेल’ असं सांगणाऱ्याला भर जुलैत दुपारी दोन वाजता लक्सॉरपासून व्हेनिशियनपर्यंत चालायला लावावं. ७ जुलै २०२४ रोजी इथला पारा ४८.९ अंशांवर गेला होता. तो उच्चांक होता हे खरं, पण जून ते सप्टेंबर चाळिशी ओलांडणं हे तिथलं नेहमीचंच. दुपारी कपडे बदलायला, तासभर आडवं व्हायला खोलीवर परत येता येतं की नाही, यावर सहल सुखाची होते की वैतागाची ते ठरतं. सोबत आई-वडील किंवा लहान मूल असेल तर मी यात अजिबात तडजोड करत नाही.

आता माझी पद्धत. हॉटेलांची यादी उघडूच नका. आधी कागदावर तीन गोष्टी लिहा, ज्या केल्याशिवाय तुम्ही परतणार नाही: एखादा शो, एखादं जेवण, स्फिअर हे भलंमोठं गोलाकार प्रेक्षागृह, कारंजी, काय असेल ते. त्या नकाशावर खुणा करून घ्या. दोन खुणा जिथे जवळजवळ पडतील तिथलंच हॉटेल घ्या, तिसरीकडे एकदा टॅक्सीने जा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या खुणा बहुतेक वेळा फ्लेमिंगो रोडच्या चौकाभोवती पडतात. बेलाजिओ, सीझर्स पॅलेस, कॉस्मोपॉलिटन, पॅरिस, फ्लेमिंगो, हॉर्सशू ही सगळी तिथलीच मंडळी. यातलं तुमच्या खिशाला परवडणारं सगळ्यात साधं हॉटेल घ्या. मधोमध असलेली जुनाट खोली टोकाच्या आलिशान खोलीपेक्षा केव्हाही बरी, या मतावरून मी हलणार नाही. फ्लेमिंगो १९४६ साली सुरू झालं आणि त्याचं वय काही ठिकाणी दिसतं. पण दारातून बाहेर पडलं की तुम्ही सगळ्याच्या मध्यभागी असता.

दक्षिण टोकाला एक्सकॅलिबर आणि लक्सॉर स्वस्त मिळतात. त्या दोघांना मँडले बेशी जोडणारी फुकट ट्राम आहे, पण ती एक्सकॅलिबरलाच संपते. तिथून पुढे पार्क एमजीएमपर्यंत चालत गेलात की आरियामार्गे बेलाजिओकडे नेणारी दुसरी फुकट ट्राम मिळते. दोन ट्राम आणि मधली चाल जमत असेल तर दक्षिण टोक घ्या, पैसे खरंच वाचतात. उत्तरेला २०२१ सालचं रिझॉर्ट्स वर्ल्ड आणि २०२३ च्या डिसेंबरात उघडलेलं फाँटनब्लू आहे. खोल्या नव्या-कोऱ्या, पण आजूबाजूला मोकळे प्लॉट आणि पायी जाण्याजोगं फारसं काही नाही. अधिवेशनासाठी आलेल्यांना ही हॉटेलं सोयीची, बाकीच्यांना नाहीत.

मोनोरेलचं नाव बघून भुलू नका. ती फक्त पूर्वेकडच्या हॉटेलांच्या मागच्या बाजूने सहारा ते एमजीएम ग्रँड धावते आणि विमानतळाला जात नाही. स्टेशन गाठायला आधी अख्खा कॅसिनो ओलांडावा लागतो. बेलाजिओ किंवा आरियात उतरणाऱ्याला तिचा उपयोग शून्य. रात्रंदिवस धावणारी ड्यूस ही बस जास्त कामाची. संध्याकाळी स्ट्रिपवर ती रांगते, पण फ्रीमाँट स्ट्रीटला तेवढ्याच तिकिटात नेते.

फ्रीमाँट स्ट्रीट म्हणजे जुनं डाउनटाउन. इथल्या खोल्या आणि जुगाराची टेबलं स्ट्रिपपेक्षा स्वस्त असतात. मात्र रस्त्याकडची खोली घेतलीत तर रात्री उशिरापर्यंत बँड तुमच्या उशाशी वाजेल. सर्का हे हॉटेल तर २१ वर्षांखालच्यांना आतच घेत नाही, मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पहिल्या खेपेला इथे मुक्काम करू नका, एक संध्याकाळ पुरते.

जुन्या याद्यांपासूनही सावध राहा. ट्रॉपिकाना एप्रिल २०२४ मध्ये बंद होऊन ऑक्टोबरात पाडलं गेलं, मिराज त्याच वर्षी जुलैत बंद झालं. दोन्ही जागांवर बांधकामाचा मोठा पसारा आहे. शेजारच्या हॉटेलात उतरत असाल तर त्या बाजूची खोली नको, असं आधीच कळवा.

धूर नको असेल तर

बहुतेक कॅसिनोंमध्ये सिगारेट ओढायला परवानगी आहे, आणि खोलीकडे जायचा रस्ता कॅसिनोतूनच जातो. पार्क एमजीएमचा कॅसिनो २०२० पासून धूरमुक्त आहे. व्हडारा आणि एमजीएम ग्रँडशेजारचं सिग्नेचर या दोन्ही ठिकाणी कॅसिनोच नाही, वर खोलीत छोटं स्वयंपाकघर मिळतं. कुटुंबासाठी माझी पहिली पसंती याच दोघांना. स्ट्रिपवरच्या अनेक हॉटेलांत खोलीत चहा-कॉफीची सोय नसते आणि खाली कॉफीला रांग असते. किटली न्यायची तर तिथलीच घ्या, भारतातली किटली १२० व्होल्टवर पाणी नुसतं कोमट करत बसते.

दर वाचायचा कसा

४९ डॉलरची खोली ४९ डॉलरला मिळत नाही. रिझॉर्ट फी नावाचा रोजचा सक्तीचा आकार असतो, मोठ्या हॉटेलांत चाळीस-पन्नास डॉलरच्या घरात. तुम्ही पोहायच्या तलावाकडे फिरकला नाहीत तरी तो द्यावा लागतो. दोन्ही रकमांवर मिळून सुमारे १३ टक्के कर. म्हणजे ४९ अधिक ५०, त्यावर कर, असे झाले ११२ डॉलर. मे २०२५ पासून अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार सक्तीची फी धरूनच किंमत दाखवावी लागते, त्यामुळे फसगत कमी झाली आहे. कर मात्र अजूनही शेवटच्या पायरीवर येऊ शकतो. दोन हॉटेलांची तुलना करायची ती पैसे भरण्याच्या आधीच्या पानावरच्या आकड्यांची. गाडी असेल तर त्यात रोजचं पार्किंग मिळवा, स्ट्रिपवर ते आता बहुतेक ठिकाणी विकत आहे.

बुकिंग थेट हॉटेलकडे करा, रद्द करता येणारं. पाच-दहा डॉलर वाचवायला मध्यस्थाकडे परतावा नसलेली खोली घेणं इथे मूर्खपणाचं, कारण दर रोज हलतात. जायच्या आधी दोन-तीनदा बघा आणि उतरले असतील तर नव्याने बुक करून जुनं रद्द करा. रद्द करण्याची मुदत तेवढी नीट वाचा.

चेक-इन

क्रेडिट कार्ड द्या. हॉटेल खोलीच्या भाड्याव्यतिरिक्त अनामत म्हणून काही रक्कम अडकवून ठेवतं. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलंत तर ते तुमचे खरे पैसे असतात आणि निघाल्यावरही ते सुटायला दिवस लागतात. सहलीचा सगळा खर्च एकाच फॉरेक्स कार्डावर घेऊन आलेल्यांची पंचाईत इथेच होते.

पासपोर्टखाली वीस डॉलरची नोट दडवून ‘काही चांगलं मिळेल का’ विचारायची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच. आता अर्धे लोक फोनवरून किंवा यंत्रावर चेक-इन करतात, नोट देणार कुणाला? हसून स्पष्ट मागा: वरचा मजला, लिफ्टपासून दूर, शेजारच्या खोलीत उघडणारा आतला दरवाजा नसलेली खोली. त्या दरवाजातून शेजाऱ्यांची पहाटे चारची पार्टी जशीच्या तशी ऐकू येते.

फ्रीजमधल्या वस्तू उचलून बघू नका. काही हॉटेलांत खाली सेन्सर असतो आणि बाटली उचलली की बिलात चढते.

दिवस कसे भरायचे

दिवसाला एकच पक्की वेळ ठेवा: एक शो किंवा एक जेवण. बाकीचं आपोआप भरतं.

शहराबाहेर जायचं तर हूवर धरण पाऊण तासावर आहे. रेड रॉक कॅनियन त्याहून जवळ, पण ऑक्टोबर ते मे तिथे गाडीने फिरायला वेळेचं आरक्षण आधी करावं लागतं. ग्रँड कॅनियन म्हणाल तर दोन रात्रींच्या सहलीत दक्षिण कड्याचा हट्ट धरू नका. तो सुमारे साडेचारशे किलोमीटरवर आहे, जाऊन-येऊन नऊ तास गाडीत. काचेचा स्कायवॉक असलेला पश्चिम कडा सव्वादोन-अडीच तासांवर आहे. तो हुआलापाई लोकांच्या जमिनीत येतो, त्यामुळे राष्ट्रीय उद्यानांचा पास तिथे चालत नाही. हिवाळ्यात ऍरिझोनाचं घड्याळ एक तास पुढे असतं, हेही तिकिटाची वेळ ठरवताना धरा.

खेळायचं असेल तर

वय २१ पूर्ण हवं, पासपोर्ट जवळ हवा. मुलांना कॅसिनोतून चालत जाता येतं, थांबता येत नाही. गेले तरी चालतील एवढेच पैसे रोख घेऊन खाली उतरा, कार्ड खोलीत ठेवा. ब्लॅकजॅकच्या टेबलावर ‘३ ला २’ छापलेलं शोधा. ‘६ ला ५’ असेल तर दहा डॉलरच्या डावावर ब्लॅकजॅक लागला की पंधराऐवजी बाराच हातात पडतात. रूलेटच्या चाकावर किती शून्यं आहेत ते मोजा: एक असेल तर कॅसिनोचा वाटा २.७ टक्के, दोन असतील तर ५.२६, तीन असतील तर ७.६९. तीन शून्यांच्या चाकाजवळ थांबण्याचं एकही कारण मला सापडलेलं नाही.

निघताना

अकराच्या सुमारास खोली सोडावी लागते. बॅगा बेल डेस्कवर ठेवा, उचलताना टीप द्या. विमानतळ स्ट्रिपपासून दहा-पंधरा मिनिटांवर आहे. परतीची वाट गाडीने लॉस एंजेलिसकडे असेल आणि वार रविवार असेल, तर सकाळी लवकर निघा किंवा सरळ सोमवारी निघा. दुपारनंतर आय-१५ या महामार्गावर कॅलिफोर्नियाच्या सीमेपाशी गाड्या तासन्‌तास खोळंबतात.