मिग-२१ चं १/३२ किट बिनचूक कसं करायचं

विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल मोठ्या स्केलमध्ये असलं की चूक लपत नाही. १/३२ मध्ये मॉडेलवरचा १ मिमी म्हणजे खऱ्या विमानावर ३२ मिमी, म्हणजे सव्वा इंच, हा हिशोब एकदा डोक्यात बसला की कुठल्या चुकीच्या मागे लागायचं आणि कुठली सोडून द्यायची ते आपोआप कळायला लागतं. मी इथे मिग-२१ धरून सांगतोय कारण आपल्या एअर फोर्सने ते १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत वापरलं आणि शेकडो विमानं तर आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या कारखान्यात बनली, त्यामुळे फोटोंना तोटा नाही. पण पद्धत कुठल्याही जेटला तीच.

पहिलं काम म्हणजे एकच विमान ठरवा. "मिग-२१" नको, अमुक व्हेरियंट (उपप्रकार), अमुक सिरियल नंबर, अमुक काळ. किटमधल्या निम्म्या चुका खरं तर व्हेरियंटच्या गोंधळाच्या असतात. ट्रम्पेटर कंपनीचं १/३२ मधलं एक किट एमएफ या व्हेरियंटचं आहे आणि बरेच जण त्यातूनच १९७१ च्या युद्धातलं जुनं एफएल, म्हणजे टाइप ७७, काढायला जातात. एफएलची पाठ सडपातळ, कॅनॉपी (कॉकपिटवरचं काचेचं झाकण) पुढच्या काचेसकट पुढे उघडते, पंखाखाली दोनच पायलॉन (शस्त्रं टांगायचे आधार), पोटात तोफच नाही, ती बाहेरून पॉडमध्ये (टांगत्या डब्यात) लावायची. एमएफची पाठ फुगीर, कॅनॉपी उजवीकडे उघडते, पायलॉन चार, जीएसएच-२३ तोफ पोटातच. पिटोसुद्धा (हवेचा वेग मोजणारी नाकावरची लांब नळी) एफएलला नाकाच्या वर बरोब्बर मध्यावर आणि एमएफला जरा उजवीकडे सरकलेला. एवढं सगळं बदलायचं म्हणजे अर्धं विमान नव्याने बांधणं आहे, त्यापेक्षा एमएफच्या किटमधून एमएफच करावं असं माझं स्पष्ट मत. बिस या नंतरच्या व्हेरियंटचा विचार होऊ शकतो, पण तिची पाठ जास्त भरलेली असते आणि शेपटीच्या बुडाशी जाऊन मिळते तिथलं वळणच वेगळं आहे, तेव्हा तेवढी पाठ घडवायची तयारी हवी. आणि बायसन (बिसचीच सुधारलेली आवृत्ती) करणार असाल तर पुढची काच एकसंध, बिनफ्रेमची लागेल हे आधीच बघून ठेवा.

मग मोजायला बसा, आणि ते गोंद उघडायच्या आधी. फ्यूजलाजचे (विमानाच्या धडाचे) अर्धे भाग आणि पंख टेपने जोडून कॅलिपर किंवा स्टीलची पट्टी घ्या. पंखांचा विस्तार ७.१५४ मीटर, म्हणजे मॉडेलवर साधारण २२३.५ मिमी यायला हवा. मुख्य चाकाचा टायर ८०० बाय २०० मिमीचा, म्हणजे २५ मिमी व्यास आणि सव्वासहा मिमी रुंदी, पुढचं चाक ५०० बाय १८०, म्हणजे साडेपंधरा मिमीच्या आसपास. चाकं लहान निघाली तर अख्खं विमान बुटकं दिसतं आणि का ते पटकन लक्षात येत नाही. नेटवरच्या ड्रॉइंगवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, आधी त्या ड्रॉइंगवरच विस्तार मोजून बघा, तिथेच फरक सापडला तर पुढचं सगळं व्यर्थ. आकारासाठी फोटो लांबून झूम करून काढलेला, बरोब्बर बाजूने घेतलेला हवा, जवळून मोबाईलने काढलेल्या फोटोत नाक फुगलेलं दिसतं. दिल्लीला पालमच्या म्युझियममध्ये किंवा बंगळुरूच्या एचएएल हेरिटेज सेंटरमध्ये विमान प्रत्यक्ष बघायला मिळतं. चौकात उभी केलेली विमानं आकारासाठी ठीक आहेत, पण त्यांचा रंग आणि टायर मात्र धरू नका.

आता खरी मेहनत इनटेकची, म्हणजे नाकाच्या टोकाच्या हवा घेणाऱ्या तोंडाची. मिग-२१ चं तोंड म्हणजेच त्याचा चेहरा, आणि किटमध्ये त्या रिंगची कड बहुतेक वेळा जाड असते. १ मिमी जाड कड म्हणजे खऱ्यावर सव्वा इंचाची भिंत, आणि मूळ विमानात ती चांगली पातळ, धारदार दिसते. बाहेरून घासू नका, बाहेरचा व्यास बिघडतो. जाड मार्करवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून आतल्या बाजूने, गोल फिरवत, थोडं तिरकं धरून घासत जायचं, अधूनमधून उजेडाकडे धरायचं, कड अर्धपारदर्शक दिसायला लागली की थांबायचं आणि पुढे ८०० आणि १००० ने गुळगुळीत करायचं. ओलं करून घासा म्हणजे धूळ उडत नाही, रेझिनचा पार्ट असेल तर मास्क लावाच. मधला शंकू जमिनीवर उभ्या विमानात आत ओढलेला असतो, तो पुढे काढून चिकटवू नका.

बिससाठी पाठ भरायची असेल तर स्टायरीन (प्लास्टिक) शीटचे आडवे फॉर्मर, म्हणजे आकार देणारे पडदे, दर १५-२० मिमीवर लावा, प्रत्येकाचा आकार फोटोवरून कार्डबोर्डचा टेम्प्लेट करून तपासा, आणि मधली जागा एम-सीलने भरा. एम-सील कडक होतं, आकसत नाही, जरा खरबरीत राहतं म्हणून वरून पातळ पुट्टीचा हात. गाडीवाल्यांची एनसी पुट्टी जाड थरात लावू नका, ती आकसते आणि तिच्यातला थिनर प्लास्टिक मऊ करतो.

रिव्हेटचं (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांचं) बघा, ०.४ मिमीचा खड्डा म्हणजे खऱ्यावर जवळजवळ १३ मिमीचं भोक. मूळ विमानाची पृष्ठं बरीचशी सपाट रिव्हेटची आहेत. त्यामुळे जिथे खोल वाटतात तिथे फेविक्विक आणि टाल्कम पावडरचा लगदा टूथपिकने भरा आणि अर्ध्या तासाच्या आत घासा, नंतर तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो आणि आजूबाजूचंच घासलं जातं. पॅनल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा) बुजल्या तर लेबल टेपची जाड पट्टी लावून सुईने हलक्या हाताने तीन-चारदा ओढा, एकदाच जोर लावला की सुई घसरते.

पिटोसाठी किटचा पार्ट टाकूनच द्या. १८ गेजच्या इंजेक्शनच्या सुईत २२ गेजची सुई बरोबर सरकते, टोकं घासून बोथट करा, झाला सरळ आणि न वाकणारा पिटो. टायर खालून किंचित सपाट करा, अगदी किंचित.

शेवटी ग्रे प्रायमरचा एक पातळ हात मारा, खोलीतले दिवे बंद करा आणि टॉर्च जवळजवळ आडवा धरून पाठ आणि नाक बघा. जिथे सावली तुटते तिथे पेन्सिलने खूण करा, भरा, घासा आणि परत प्रायमर. सावली सलग धावायला लागेपर्यंत रंगाची बाटली उघडू नका.