आधी ओट्यावर बसा, मग वही उघडा

नव्या आशाताईंनो, स्किझोफ्रेनियासारख्या मनाच्या आजाराच्या पेशंटच्या घरी गेल्यागेल्या वही काढू नका. मी इंदूरच्या रामबागेतून सांवेरकडच्या खेड्यांत जाते. ओट्यावर बसते, आधी पेशंटशीच बोलते, मग घरच्यांशी. "गोळ्या घेतोस ना?" म्हटलं की "हो" येतंच. त्यापेक्षा म्हणा, "भाऊ, पाकीट दाखव बरं." रिकामे खळगे मोजा. गोळ्या उरल्या असतील तर रागावू नका, कारण विचारा. पुष्कळदा अंग आखडतं, हात थरथरतात, दिवसभर झोप येते. डॉक्टरांना कळवा, गोळी बदलता येते. मनानं बंद मात्र करू देऊ नका.

मनाचे चढउतार आवरणारी लिथियमची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात फार जपा. जुलाब, उलट्या, तोल जाणं दिसलं की त्याच दिवशी दवाखाना. रक्तातलं लिथियम वाढलं तर जिवावर बेततं.

एका घरी मुलाच्या पायात साखळी होती. आई रडत म्हणाली, "दीदी, हा रात्री विहिरीकडे जातो." अशा आईला दोष देऊ नका. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीला बंदी आहे हे सांगाच, पण तिथंच बसून टेली-मानसला, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, 14416 वर फोन लावून द्या.

निघताना ओपीडीची तारीख कॅलेंडरवर गोल करा. सोबत कोण जाणार, बसभाडं कोण देणार, तेही तेव्हाच ठरवा.