मिसळणाच्या डब्यासारखं घर कसं लावायचं

फोडणी देताना आपण कधी विचार करतो का? तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की जिरं, मग हिंग, हळद, हात आपोआप बरोबर वाटीत जातो कारण मिसळणाच्या डब्यात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. हेच सगळं चार कपाटांत ठेवून बघा, हिंग सापडेपर्यंत मोहरी जळून काळी. मला हे मनापासून सांगावंसं वाटतं कारण सवय लागली नाही की आपण स्वतःलाच आळशी म्हणत बसतो आणि बऱ्याचदा दोष असतो फक्त वस्तू कुठे ठेवलीये त्याचा.

१. पहिले दोन दिवस काहीच हलवू नका, नुसतं बघा. पसारा कुठे साचतो? आमच्याकडे बेडरूममधल्या खुर्चीवर. नीट बघितलं तर त्यात एकदा घातलेले कपडे होते, म्हणजे धुवायला टाकण्याइतके मळके नाहीत आणि कपाटात ठेवण्याइतके स्वच्छ नाहीत, त्यांना घरात जागाच नव्हती. दाराच्या मागे चार हुक लावले, खुर्ची मोकळी झाली.

२. जे व्हायला हवं ते डोळ्यांसमोर, जे कमी करायचंय ते लांब. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या कॅफेटेरियात हे करून बघितलं होतं, पाण्याच्या बाटल्या नजरेच्या उंचीवर आणि शिवाय जेवणाच्या काउंटरजवळ टोपल्यांत ठेवल्या. २०१२ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात पाण्याच्या बाटल्यांची विक्री जवळपास २६ टक्के वाढली. घरी एवढंच करा, फरसाण स्टीलच्या डब्यात घालून वरच्या फळीवर आणि केळी, पेरू टेबलावर.

३. अभ्यासाची किंवा कामाची जागा. यात जरा वेळ घाला. प्रिन्सटन युनिव्हर्सिटीतल्या मॅकमेन्स आणि कास्टनर यांच्या २०११ च्या संशोधनात दिसलं की नजरेसमोर एकाच वेळी अनेक गोष्टी असल्या की मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागात त्यांची आपापसात चढाओढ लागते. वन बीएचकेत वेगळी स्टडी रूम कुठून आणणार, पण टेबल फिरवता येतं ना! मुलाचं तोंड भिंतीकडे, पाठ टीव्हीकडे, आणि टेबलावर फक्त चालू विषयाचं पुस्तक, वही आणि पेन, बाकीचं दप्तरात. फोनचा चार्जर किचनमध्ये लावा, आईवडिलांचासुद्धा, नाहीतर मुलं का ऐकतील?

४. जागेलाच आठवण ठेवू द्या. माझी आई रात्री दूध तापवलं की विरजणाची वाटी शेगडीवर ठेवायची, ओटा पुसायला गेलं की वाटी उचलावीच लागायची, त्यामुळे विरजण लावायचं राहिलं असं कधी झालंच नाही. तसंच उद्या द्यायचा फॉर्म चपलेवर ठेवा, परत करायचा डबा पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवा. सकाळची बीपीची गोळी चहाच्या कपाजवळ ठेवली तर चुकत नाही, पण घरात लहान मूल असेल तर गोळ्या वरच ठेवा आणि कपाजवळ फक्त एक चिठ्ठी.

यात एक गोष्ट सांभाळा, तीच चिठ्ठी महिनाभर तिथेच राहिली की ती दिसायची बंद होते, भिंतीचाच भाग होऊन जाते. म्हणून काम झालं की आठवणीची वस्तू लगेच उचला. आई पण विरजण लावून झालं की वाटी शेगडीवर राहू द्यायची नाही.

५. घरातल्यांना विचारून करा. किचन ज्याच्या हाताखाली आहे त्याला न विचारता डबे हलवलेत तर त्याचा हात रोज चुकीच्या फळीवर जाणार आणि चार दिवसांत सगळं परत जुन्या जागी येणार. आणि रविवारी अख्खं घर काढायला बसू नका, एका आठवड्यात एकच जागा. आमचं पुढचं काम वॉशिंग मशीनच्या झाकणावरचा ढीग.