खंडानंतर जपानीचा अभ्यास पुन्हा सुरू करताना

मोठ्या खंडानंतर जपानीकडे वळताना पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसू नये. आधी हिरागाना या जपानी ध्वनिलिपीची ४६ मूळ अक्षरे न पाहता लिहावीत आणि जी अडतील तेवढीच घोटावीत. ‘आ, का, सा, ता, ना’ हा त्यांचा क्रम संस्कृत वर्णक्रमाच्या प्रभावातून आलेला असल्याने आणि क्रियापदही मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येत असल्याने हा टप्पा आपल्याला लवकर साधतो.

खरी कसोटी कांजींची, म्हणजे जपानीतल्या चिनी मूळच्या चिन्हांची. नित्य वापरासाठीच्या अधिकृत ‘जोयो’ यादीतच २,१३६ कांजी आहेत, त्यामुळे आज शिकलेले चिन्ह उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने समोर यावे आणि चुकल्यास हे अंतर पुन्हा कमी व्हावे. ‘अंकी’ हे ॲप नेमके हेच करते. त्यात उजळणी राहिलेली कार्डे साचली असतील, तर ती संपेपर्यंत नवे शब्द पूर्ण थांबवावेत. हा संयम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

फोंडा-पणजी बसप्रवासासारखी रोजची ठरलेली वेळ कार्डांसाठी राखावी, लेखनाचा सराव मात्र घरी वहीतच करावा. डिसेंबरमधील जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेसाठी पुण्याला जाणार असाल, तर नोंदणी काही महिने आधीच संपते, हे लक्षात घेऊन पावसाळ्यातच पातळी निश्चित करावी.