एक्सक्वेरीसाठी एचटीएमएल टेम्प्लेट निवडताना या चुका टाळा

लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला इथल्या बाजार समित्यांचे रोजचे कांदाभाव एक्सएमएलमध्ये साठवलेत आणि एक्सक्वेरी या एक्सएमएलमधली माहिती शोधणाऱ्या भाषेने वेबपानावर दाखवायचेत, असं धरून चालू. मार्ग मुख्यतः तीन: एक्सक्वेरीच्या फंक्शनमध्येच एचटीएमएलचे टॅग लिहिणं, एक्झिस्ट-डीबी या एक्सएमएल डेटाबेसचं टेम्प्लेटिंग मॉड्यूल (यात टॅग वेगळ्या एचटीएमएल फाइलमध्ये राहतात) आणि एक्सएसएलटी ही एक्सएमएलचं रूपांतर करणारी भाषा. कुठला चांगला यावर वाद घालण्याआधी टॅगना हात कोण लावणार ते ठरवा. एकच प्रोग्रामर सगळं बघत असेल तर पहिला मार्ग पुरतो. शीर्षक आणि मजकूर घेणारं मांडणीचं एक फंक्शन लिहायचं आणि प्रत्येक पान त्यातून काढायचं. बेसएक्स या दुसऱ्या एक्सएमएल डेटाबेसवर रेस्टएक्सक्यू (वेबपत्ता थेट फंक्शनला जोडायची सोय) वापरणाऱ्यांना बहुतेक वेळा एवढंच लागतं. डिझायनर वेगळा असेल तर टेम्प्लेटिंग मॉड्यूल घ्या. मजकुरातच टॅग गुंफलेले असतील, जसं जुन्या दस्तऐवजांत असतं, तर एक्सएसएलटीला तोड नाही.

पीएचपीतून आलेल्यांची ठरलेली चूक म्हणजे टॅग स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून जोडत बसणं. एक्सक्वेरी स्ट्रिंगमधली कोनी चिन्हं एस्केप करते, म्हणजे साधी अक्षरं मानते, त्यामुळे पानावर टॅग जसेच्या तसे छापून येतात. मग एस्केपिंगच बंद करायचा मोह होतो. तो आवरा, कारण कुणी फॉर्ममध्ये स्क्रिप्ट टाकली तर ती थेट वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालेल. नोडच, म्हणजे खरे एक्सएमएल घटकच बनवा, नोडच परत करा.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती नेमस्पेसची (टॅगचं नाव कुठल्या गटातलं ते सांगणाऱ्या खुणेची) चूक. एचटीएमएल टॅगवर एक्सएमएलएनएस लिहून एक्सएचटीएमएलचं नेमस्पेस दिलं आणि त्याच टॅगच्या आत महिरपी कंसात //भाव अशी क्वेरी लिहिली, तर तक्ता रिकामा येतो. एरर नाही, लॉगमध्येही काही नाही. कारण ते नेमस्पेस नुसतं टॅगना लागत नाही, आतल्या पाथनाही लागतं. क्वेरी आता एक्सएचटीएमएलमधला 'भाव' शोधते आणि तसा काही नसतोच. आधी 'लेट'मध्ये सगळे भाव काढून व्हेरिएबलमध्ये ठेवा, मग टॅग सुरू करा. घाई असेल तर //*:भाव, म्हणजे कुठल्याही नेमस्पेसमधला 'भाव', असं लिहा. पण आतल्या प्रत्येक पायरीवर हीच अडचण येते, म्हणून हा कायमचा इलाज समजू नका.

मोकळ्या जागेचे दोन उलटे त्रास आहेत. ठळक टॅगमध्ये 'लासलगाव' आणि पुढे एक जागा सोडून स्पॅनमध्ये 'उन्हाळ' लिहिलं, की पानावर 'लासलगावउन्हाळ' दिसतं, कारण दोन टॅगमधली नुसती मोकळी जागा एक्सक्वेरी गाळते. तिथे महिरपी कंसात अवतरणचिन्हांतली एक स्पेस द्या. उलट एकाच कंसात स्वल्पविरामाने रक्कम आणि '/-' दिलं, तर मध्ये नको असलेली जागा घुसते. तिथे दोन उभ्या रेघांच्या चिन्हाने जोडा. पानातच सीएसएस किंवा जावास्क्रिप्ट लिहिलं असेल तर प्रत्येक महिरपी कंस दोनदा लिहावा लागतो. त्यापेक्षा वेगळी फाइल बरी.

एक्झिस्टच्या टेम्प्लेटिंगमध्ये 'फंक्शन सापडलं नाही' आलं, तर आधी व्ह्यूच्या (टेम्प्लेट चालवणाऱ्या) फाइलमध्ये तुमचं मॉड्यूल इम्पोर्ट केलंय का ते बघा, मग फंक्शनचे पहिले दोन पॅरामीटर नोड आणि मॉडेल आहेत का ते. बाहेरचा डिव्ह आणि त्याचा क्लास गायब झाला असेल तर फंक्शनवर 'रॅप'चं अ‍ॅनोटेशन (बाहेरचा टॅग टिकवणारी खूण) लिहायचं राहून गेलंय. बाकीचे पॅरामीटर नावावरून भरले जातात आणि यूआरएलमधली किंमत टेम्प्लेटमध्ये लिहिलेल्या किमतीवर मात करते. टेम्प्लेटमध्ये 'समिती' म्हणून येवला लिहिलं, तरी पत्त्यात दुसरं नाव घालून कुणीही ते बदलू शकतो. म्हणून असा पॅरामीटर तपासल्याशिवाय फाइलच्या नावात वापरू नका.

स्क्रिप्ट टॅगनंतरचं सगळं पान कोरं दिसलं, तर आउटपुटची पद्धत एक्सएमएल राहिली आहे. त्या पद्धतीत रिकामा स्क्रिप्ट टॅग स्वतःच बंद होतो, पण ब्राउझरच्या लेखी तो उघडाच असतो. पद्धत एचटीएमएल करा, मीडिया टाइपही text/html द्या आणि ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स उघडून स्क्रिप्टचा बंद करणारा टॅग आलाय का ते बघा.